रस्त्यावरच्या गाडीत ड्रॅग शर्यतीसाठी रोल बार कसा बसवावा

अमेरिकेत पाव मैलाच्या ड्रॅग पट्टीवर, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीत, स्वतःची गाडी उतरवणाऱ्या माणसाची आज ना उद्या एका आकड्याशी गाठ पडते, आणि तो आकडा म्हणजे ११.४९. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, म्हणजे एनएचआरएच्या नियमपुस्तकानुसार, १,३२० फुटांचे अंतर ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीत रोल बार, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी नळ्यांची कमान, असलाच पाहिजे. टप उघडणाऱ्या गाड्यांना ही अट १३.४९ सेकंदांपासूनच लागू होते, कारण तशी गाडी उलटली तर चालकाच्या डोक्यावर पोलादाचे काहीच नसते. कारखान्यातले पट्टे, एअरबॅग आणि एबीएस शाबूत असलेल्या २००८ आणि त्यानंतरच्या गाड्यांना नियमात काही सवलत आहे; जुन्या गाड्यांना ती नाही. बहुतेक जण आधी इंजिन वाढवतात, चांगले टायर घेतात, एका थंड संध्याकाळी गाडी अचानक ११.३० ची वेळ देते आणि तपासनीस पुढची फेरी नाकारतो, तेव्हा कुठे रोल बारचा विचार सुरू होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा क्रम उलटा हवा: गाडी बारा सेकंदांच्या आसपास आली की इंजिनावरचा पुढचा खर्च थांबवून आधी बार बसवावा.

रोल बार आणि रोल केज यांत पुष्कळदा गल्लत होते. चालकाच्या पाठीमागे उभी असलेली उलट्या यू-आकाराची मुख्य कमान, तिला मागून पेलणाऱ्या दोन तिरप्या नळ्या, खांद्यांच्या पातळीवरून जाणारी आडवी नळी आणि चालकाच्या दाराकडून पुढे तळापर्यंत उतरणारी बाजूची नळी, एवढ्याला रोल बार म्हणतात. केजमध्ये याखेरीज पुढच्या काचेभोवतीही नळ्यांचा सांगाडा असतो. तळपत्रा आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन व चालक यांच्यामधला पत्रा, मूळचीच असलेल्या बंद टपाच्या गाडीला १०.०० सेकंदांपर्यंत रोल बार चालतो, ९.९९ किंवा त्याहून कमी वेळ लागली, अथवा वेग ताशी १३५ मैल किंवा त्याहून जास्त झाला, तर केज लागतो. आपली गाडी दोन-तीन वर्षांत त्या टोकाला जाईल असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर मुख्य कमान घेतानाच ती पुढे केजमध्ये वाढवता येईल अशी घ्यावी, म्हणजे झालेले काम कापून टाकावे लागत नाही.

पुढची सारी माहिती १९७९ ते १९९३ या काळातल्या फॉक्स पिढीच्या फोर्ड मस्टँगला धरून आहे, कारण माझ्या गॅरेजात १९८९ सालची हॅचबॅक मस्टँग आहे आणि तिच्यात हे काम मी स्वतः केले आहे. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंगच सगळा भार वाहते. पिकअप ट्रक किंवा जुन्या मोठ्या गाड्यांसारखी स्वतंत्र चासी असेल, तर बार त्या चासीलाच वेल्डिंगने किंवा बोल्टने जोडणे बंधनकारक आहे. त्या गाड्यांत नुसत्या तळपत्र्यावर बार उभा करून भागत नाही.

नळी कोणती घ्यावी

नियमात दोनच पर्याय आहेत. साध्या पोलादाची, म्हणजे माइल्ड स्टीलची नळी घेतली तर बाहेरचा व्यास १.७५ इंच आणि भिंतीची जाडी किमान ०.११८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटर हवी. क्रोममॉलीची, म्हणजे ४१३० मिश्रधातूची घेतली तर व्यास तोच, पण जाडी ०.०८३ इंच, म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटर चालते. माइल्ड स्टीलची नळी मीटरला साधारण ३ किलो भरते, क्रोममॉलीची २.२ किलो. संपूर्ण बारमध्ये हा फरक काही किलोंचाच पडतो, मात्र क्रोममॉली केवळ टिग पद्धतीनेच, म्हणजे भरणीची सळई हाताने देत, वेल्ड करावी लागते, तर माइल्ड स्टीलला मिग, म्हणजे यंत्रच तार पुरवते ती सोपी पद्धत, चालते. घरच्या गॅरेजात मिग यंत्रावर काम करणाऱ्याने माइल्ड स्टीलच घ्यावे. वाचलेले काही किलो चालकाच्या जिवावरच्या जोडापेक्षा मोलाचे नाहीत.

पाण्याची जीआय नळी वापरण्याचा विचारही मनात आणू नये. ती वाहत्या पाण्याचा दाब सोसण्यासाठी असते, उलटलेल्या गाडीचा भार पेलण्यासाठी नसते. तिच्यावरचा जस्ताचा लेप वेल्डिंगमध्ये जळतो, जोड पोकळ होतो आणि तो धूर छातीत गेला की ताप भरतो. कमान वाकवून घेतानाही वाकणावर बारीक नजर ठेवावी. वाकणाच्या आतल्या बाजूला सुरकुती पडली असेल किंवा नळी तिथे चपटी झाली असेल, तर ती कमान परत करावी, कारण गाडी उलटल्यावर पहिली घडी नेमकी तिथेच पडेल. म्हणूनच मुख्य कमान एखाद्या नामांकित संचातून तयार घ्यावी, आणि वेळ व कष्ट जोडणीवर खर्च करावेत, असा माझा सल्ला आहे.

आधी माणूस, मग नळी

या कामातली सगळी मापे गाडीवरून नव्हे, चालकाच्या शरीरावरून घ्यायची असतात. हे एकदा पक्के ध्यानात आले की नियमपुस्तकातले आकडे आपोआप अर्थपूर्ण होतात. कमानीचा माथा चालकाच्या हेल्मेटपेक्षा किमान ३ इंच वर असला पाहिजे. कमान डोक्याच्या मागे किंवा बाजूला ६ इंचांच्या आत असली पाहिजे. तिची रुंदी निदान चालकाच्या खांद्यांइतकी, किंवा दारापासून १ इंचाच्या आत पोचेल इतकी हवी. आडवी नळी खांद्यांच्या वर कधीच नसावी आणि खांद्यांपासून ४ इंचांहून खालीही नसावी. बाजूची नळी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधल्या उंचीवरून गेली पाहिजे. मागच्या तिरप्या नळ्या कमानीला माथ्यापासून ५ इंचांच्या आत मिळाल्या पाहिजेत आणि त्यांचा व्यास व जाडी कमानीइतकीच हवी.

यातले प्रत्येक माप आसन बदलले की बदलते. म्हणून शर्यतीत जे आसन राहणार आहे तेच, ज्या जागी आणि ज्या कलावर राहणार आहे तिथेच, पक्के बोल्ट करून मगच मोजणीला हात घालावा. चालकाने शर्यतीचे जॅकेट, बूट आणि हेल्मेट घालून आसनात बसावे, पट्टे शर्यतीइतके घट्ट ओढावेत, पाय क्लचवर ठेवावा आणि दोन मिनिटे तसेच बसून राहावे, कारण आसनाचा फोम दबायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या माणसाने मग टपाच्या आतून ओळंबा सोडून हेल्मेटचा माथा, हेल्मेटची मागची कड, दोन्ही खांदे आणि कोपर यांच्या खुणा चिकटपट्टीवर करून घ्याव्यात.

पहिल्या वेळी मी ही मापे हेल्मेटशिवाय आणि पट्टे न बांधता घेतली आणि डोक्यावर अंदाजाने दोन इंच धरले. बार पूर्ण वेल्ड करून, रंगवून मी पट्टीवर गेलो. तपासनिसाने मला हेल्मेट घालून बसवले, पट्टे ओढायला लावले आणि आडव्या नळीवर हात ठेवून माझ्या खांद्यापर्यंत टेप धरला. अंतर सव्वापाच इंच निघाले. पट्टे ओढल्यावर मी आसनात सरळ झालो होतो, खांदे वर आले होते आणि नळी खाली राहिली होती. त्या दिवशी गाडी ट्रेलरवरून घरी परत आली. आडवी नळी कापून पुन्हा बसवण्यात पुढचे दोन शनिवार गेले. त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे, कारण खांद्यांपासून फार खाली बांधलेले पट्टे धडकेच्या वेळी माणसाला मागे धरून ठेवण्याऐवजी खाली दाबतात आणि तो दाब थेट पाठीच्या कण्यावर येतो.

कमानीचा आकार आधी ६ मिलिमीटरच्या सळईवर वाकवून पाहावा. सळई टपाच्या अस्तराला कुठे टेकते, दाराच्या खांबापासून किती अंतर उरते, मागच्या आसनाची पाठ आड येते का, हे सारे सळईवर चटकन कळते आणि चूक झाली तर नुकसान होत नाही. टप बुटका असल्यामुळे हेल्मेटच्या वर ३ इंच मिळत नसतील, तर उत्तर एकच आहे: आसन खाली घ्यावे. आसनाखालचे रूळ बदलून एक-दीड इंच सहज मिळतो. कमान टपात खुपसून उंची चोरण्याचे प्रयत्न करू नयेत.

गाडी मोकळी करणे

बॅटरी नुसती बंद करू नये, तिच्या दोन्ही तारा सोडून ती गाडीबाहेर ठेवावी. १९९० पासूनच्या मस्टँगमध्ये चालकाची एअरबॅग असते, तेव्हा त्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर काही वेळ थांबूनच पुढच्या कामाला लागावे. दोन्ही आसने, गालिचा, त्याखालचा तागाचा थर, मागच्या बाजूची प्लास्टिकची आवरणे आणि टपाचे अस्तर काढावे. अस्तर काढायचा कंटाळा करणारे पुष्कळ असतात, आणि जळालेले अस्तरही पुष्कळ पाहायला मिळते. काचांवर ओले जाड कापड किंवा वेल्डिंगचे आच्छादन टाकावे. वेल्डिंगचे तुषार काचेत रुतून बसतात आणि ते डाग कधीच निघत नाहीत.

यानंतर गाडी उंच करून खालून पाहावी. फॉक्स मस्टँगमध्ये पेट्रोलची टाकी मागे डिकीच्या तळाखाली असते, आणि मागच्या तिरप्या नळ्यांचे पाय तिच्या जवळच्याच भागात उतरतात. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्याही तळपत्र्याला चिकटून जातात. जिथे ड्रिल जाणार किंवा वेल्ड होणार आहे तिथून या सगळ्या बाजूला घ्याव्यात, आणि मागच्या भागात वेल्डिंग असेल तर टाकी रिकामी करून उतरवूनच ठेवावी. टाकी उतरवायला एक सकाळ जाते, पण ती सकाळ द्यायलाच हवी.

जमिनीशी जोड

रोल बारच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग दिसत नाही, कारण तो गालिच्याखाली जातो. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. सुमारे १,४०० किलोंची गाडी उलटून एका कोपऱ्यावर आदळली, तर तो सारा भार कमानीच्या पायातून या पत्र्यावर उतरतो, आणि पायाखाली पुरेसा पसारा नसेल तर सारवलेल्या ओल्या जमिनीत खाटेचा खूर रुतावा तशी नळी पत्रा फाडून खाली जाते. वरची कमान कितीही मजबूत असली तरी त्या क्षणी ती चालकाच्या डोक्यावरून खाली सरकलेली असते.

म्हणून नियम असा आहे की बोल्टने बसवायचे असेल तर प्रत्येक पायाला ६ इंच बाय ६ इंच आणि ०.१२५ इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीची एक प्लेट तळाच्या वरून आणि तशीच एक खालून लावावी, आणि मधला पत्रा किमान चार ३/८ इंची बोल्टांनी आवळावा. दुसरा मार्ग म्हणजे मुख्य कमानीचे पाय दाराखालच्या उंबऱ्याला, ज्याला गॅरेजात सिल म्हणतात, त्याच जाडीच्या प्लेटा लावून पूर्ण वेल्ड करणे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. सिल म्हणजे पत्र्याची बंद पेटी असते, आणि या गाडीत दाराच्या पातळीवर तिच्याइतके कणखर दुसरे काही नाही. मी प्लेट अशी वाकवून घेतली की तिचा अर्धा भाग तळावर बसतो आणि अर्धा सिलच्या उभ्या भिंतीवर चढतो, त्यामुळे भार एकाच सपाट पत्र्यावर न येता दोन दिशांना वाटला जातो.

प्लेट कापण्याआधी पुठ्ठ्याचा फर्मा करावा. तळपत्र्याला कारखान्यातच उंचवटे आणि पन्हळी पाडलेल्या असतात, आणि सपाट प्लेट त्यांच्यावर चार ठिकाणी टेकून बाकी अधांतरी राहते. पुठ्ठा दाबून, कापून, पुन्हा दाबून तळाशी एकजीव झाला की त्यावरून प्लेट कापावी आणि हातोडीने बसती करावी. प्लेटेचे चारही कोपरे ग्राइंडरने गोल करावेत, कारण टोकदार कोपरा पत्र्यात पाचरीसारखा घुसतो आणि चीर तिथूनच सुरू होते. ज्या जागी प्लेट बसेल तिथला रंग, डांबरी आवरण आणि गंज पांढरे चकाकते पोलाद दिसेपर्यंत घासून काढावा. पत्रा गंजून चाळणी झाला असेल, तर आधी तो कापून नवा पत्रा घालावा आणि मग बाराचा विचार करावा. जुन्या मस्टँगमध्ये हा प्रसंग विरळा नाही.

बोल्ट वापरत असल्यास ग्रेड ८ चे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे, घ्यावेत, रुंद वायसर आणि लॉकनट लावावेत, आणि भोके वरून खाली पाडण्यापूर्वी बारीक ड्रिलने एक खुणेचे भोक पाडून ते खालून कुठे निघते ते पाहावे. वेल्डिंग पूर्ण होऊन प्लेट थंड झाल्यावर खालच्या बाजूने सांधे बंद करणारे सीलंट लावावे. अन्यथा पावसाचे पाणी प्लेटांच्या मध्ये शिरते आणि पाच वर्षांनी हाच जोड आतून पोखरलेला असतो.

नळ्यांची तोंडे आणि वेल्डिंग

एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला मिळते तिथे तिचे तोंड माशाच्या उघड्या तोंडासारखे कापावे लागते. नळीच्या व्यासाचा होल सॉ ड्रिल यंत्राला लावून, नळी योग्य कोनात शिकंज्यात धरून हा काप घ्यावा आणि कानशीने पुरा करावा. तोंड दुसऱ्या नळीवर ठेवून मागे दिवा धरावा. एक मिलिमीटरहून जास्त उजेड दिसला तर पुन्हा कानस घ्यावी. फट वेल्डिंगच्या तारेने भरून काढता येते असा समज चुकीचा आहे, कारण अशा जोडात वरून दिसणारा डोंगर खाली पोकळ असतो.

आधी सारे केवळ टाके मारून उभे करावे. कमान गुण्याने आणि पाणसळीने तपासावी, दोन्ही पायांपासून टपापर्यंतची अंतरे ताडून पाहावीत, मागच्या नळ्या आणि आडवी नळी प्रत्येक ठिकाणी तीन-चार टाक्यांनी धरावी. मग आसन पुन्हा बसवून, हेल्मेट घालून, पट्टे ओढून चालकाने पुन्हा बसावे आणि सगळी मापे पुन्हा घ्यावीत. टाका ग्राइंडरने दोन मिनिटांत निघतो; पूर्ण जोड काढायला दोन शनिवार जातात, हे मी वर सांगितलेच आहे.

मागच्या नळ्या कमानीला माथ्याजवळ मिळतात, आणि टप इतका जवळ असतो की जोडाच्या वरच्या अंगाला वेल्डिंगची बंदूक पोचत नाही. पुष्कळ जण तिथे तीन बाजूंनी वेल्ड करून चौथी सोडून देतात. हे अजिबात करू नये. सगळे टाके पक्के झाल्यावर, पण पायाच्या प्लेटा तळाला जोडण्याआधी, बार एका बाजूने सैल करून पुढे झुकवता येतो. मागचा मोठा दरवाजा, म्हणजे हॅच, उघडा असल्यामुळे या गाडीत तेवढी जागा मिळते. तसे जमले नाही तर प्लेटांच्या जागेखालचा पत्रा कापून कमान काही इंच खाली सोडावी, माथ्याचे जोड चारही बाजूंनी पूर्ण करावेत, कमान परत वर घ्यावी आणि मग खालून प्लेटा बसवून तळाचे काम करावे. केज बांधणारे कारागीर हीच युक्ती वापरतात.

तीन मिलिमीटरच्या नळीला आणि प्लेटला ०.८ किंवा ०.९ मिलिमीटरची तार आणि ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असा वायू मी वापरतो. आधी त्याच नळीच्या तुकड्यांवर जोड करून, तो मधोमध कापून, धातू आतपर्यंत वितळला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. प्लेट पातळ पत्र्याला जोडताना ज्योत प्लेटवर रोखून धरावी आणि वितळलेला धातू हलकेच पत्र्याकडे ओढावा. ज्योत पत्र्यावर गेली की क्षणात भोक पडते. एका बाजूला इंचभर, मग समोरच्या बाजूला इंचभर, असे आलटून पालटून वेल्ड केल्यास उष्णतेने कमान एका अंगाला ओढली जात नाही. जोडात मळी किंवा बारीक छिद्रे नकोत, आणि वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत करणे नियमाने मनाई आहे. तपासनिसाला मूळ जोड दिसला पाहिजे, घासलेला नव्हे. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने नळ्या कापून, टाके मारून गाडी अनुभवी वेल्डरकडे न्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

काम चालू असताना आग विझवण्याचे नळकांडे आणि पाण्याची बादली घेऊन दुसरा माणूस गाडीच्या बाहेर, खालची बाजू दिसेल असा उभा असावा. शेवटचा टाका झाल्यावर किमान अर्धा तास गाडीजवळून हलू नये. माझ्या गॅरेजात काम संपवून हात धूत असताना जळक्या तागाचा वास आला होता. पाहिले तर सिलच्या कोपऱ्यात अडकलेला गालिच्याखालच्या थराचा तळहाताएवढा तुकडा धुमसत होता, आणि शेवटच्या वेल्डिंगला वीस मिनिटे होऊन गेली होती.

आवरण आणि पट्टे

हेल्मेट बाराला जिथे जिथे लागू शकते तिथे आवरण बंधनकारक आहे. ते दाबल्यावर किमान पाव इंच दबले पाहिजे किंवा एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा-साहित्याची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ४५.१ या मानकाचे असले पाहिजे. मऊ फोम, पाण्याच्या नळीभोवती गुंडाळतात तो, बोटाने दाबला तरी तळाला जातो. डोक्याच्या आघातापुढे तो नसल्यासारखाच. कठीण फोमचे आवरणच घ्यावे आणि ते पट्ट्यांनी नीट बांधावे.

खांद्यांवरचे पट्टे आडव्या नळीला गुंडाळून, चालकाच्या मानेमागे सरळ येतील असे बांधावेत. कमरेचे पट्टे पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसले पाहिजेत, आणि त्यांच्या टोकांखाली तळाला जाड प्लेट हवी. पट्टे एसएफआय १६.१ किंवा १६.५ मानकाचे असतात आणि त्यांच्यावर निर्मितीची तारीख शिवलेली असते. त्या तारखेपासून दोन वर्षांनी ते बदलावे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागतात. विकत घेताना हीच तारीख आधी पाहावी, कारण दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या पट्ट्याचे निम्मे आयुष्य तिथेच संपलेले असते.

हीच गाडी रस्त्यावर चालवताना

शर्यतीत जी कमान जीव वाचवते तीच रस्त्यावर, हेल्मेट नसताना, डोक्यापासून सहा इंचांच्या आत असलेली पोलादी नळी असते. मागून एखाद्या गाडीने साधी धडक दिली तरी मान मागे जाते आणि डोके तिच्यावर आपटू शकते. म्हणून रस्त्यावरही आवरण कधी काढू नये, डोक्याचा आधार असलेलेच आसन ठेवावे, आणि कारखान्याचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा काढून न टाकता रोजच्या वापरासाठी ठेवावा. बाजूची नळी खिळ काढून उघडणारी घेतली तर चढता-उतरता येते; नियमात ती चालते. मागच्या आसनावर मात्र बार बसवल्यानंतर कोणालाही बसवू नये. पुढे झेपावणाऱ्या प्रवाशाच्या चेहऱ्यासमोर बरोबर आडवी नळी येते. ज्या गाडीतून मुलांना शाळेत सोडायचे आहे, त्या गाडीत रोल बार बसवू नये, असेच मी सांगेन; ती गाडी साडेअकरा सेकंदांच्या पलीकडे समाधानाने चालवावी. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक वेगळी बाब सांगणे आवश्यक आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि भारतातल्या मोटार शर्यतींचे नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. तेव्हा तिथे उतरणाऱ्याने एनएचआरएचे आकडे गृहीत न धरता त्या स्पर्धेचे नियमपत्र आधी मागवून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही ज्यामुळे ते नोंदणीपुस्तकातल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी.

बार बसल्यानंतरही प्रत्येक शर्यतीनंतर दहा मिनिटे त्याला द्यावीत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत रंगाची एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. मुख्य कमानीच्या पायाजवळ आणि मागच्या नळ्यांच्या माथ्याशी, वेल्डच्या कडेने, रंगाला केसाएवढी चीर गेली आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. चीर दिसली तर तिथला रंग खरवडून खाली धातूही फाटला आहे का, याची खात्री होईपर्यंत गाडी पट्टीवर नेऊ नये.